शेवटचा घोट किती वाजता?

दारू सोडायला गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात गेलो, तेव्हा केसपेपर झाल्यावर डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच होता. दुसरा, रोज किती? मी म्हटलं, एक क्वार्टर. वहिनी शेजारीच बसली होती, तिच्यासमोर खरा आकडा तोंडातून निघेना. डॉक्टरांनी तिला बाहेर बसायला सांगितलं, आणि एकाच्या तीन झाल्या.

हा आकडा चुकला की पुढचं सगळं चुकतं. दारू सुटताना देतात त्या शामक औषधाचा, म्हणजे लोराझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइडचा डोस त्यावरून आणि लक्षणांवरून ठरतो. तो कमी पडला तर शेवटच्या घोटानंतर साधारण 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते. भ्रम, भास आणि ताप बहुधा 48 ते 96 तासांत. देवळात गाऱ्हाणं घालून रोजची दारू एका दिवसात बंद करणारे इथेच फसतात. आणि हुर्राक, म्हणजे काजूची हलकी दारू, कुणी हिशेबातच धरत नाही! 15 टक्क्यांची 750 मिली हुर्राक म्हणजे 42 टक्क्यांची फेणी जवळजवळ दीड क्वार्टर.

सलाईनसाठी घाई करू नये. आधी थायमिन, म्हणजे बी-1, इंजेक्शनातून, मग ग्लुकोज. उलटं झालं तर मेंदूला इजा होऊ शकते.

जे आठवू नये म्हणून पीत होतो, ते समुपदेशकाने पहिल्या आठवड्यात विचारलंच नाही. झोप किती, तलफ कुठल्या वेळी, एवढंच. मला ते टाळाटाळ वाटलं होतं. पण शरीर थरथरत असताना जुनी जखम उघडली की माणूस थेट बाटलीकडे पळतो. रात्री दचकून उठलो तर पाय थंड लादीवर टेकायचे, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायची. हे मात्र पहिल्या रात्रीपासून.

घरी आल्यावर डायसल्फिराम, म्हणजे वर दारू प्यायली की त्रास होतो ती गोळी. दारू थांबून किमान 12 तास झाल्याशिवाय घ्यायची नाही. शेजारच्या बाईंनी वहिनीला सुचवलं, "बेबद्याला आमटीतून घाल, कळणार नाही." असं कधीच करू नये. न कळता वर दारू प्यायली तर छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही धोका 14 दिवसांपर्यंत राहतो. काही खोकल्याच्या औषधांत अल्कोहोल असतं. व्हिनेगरही टाळायला सांगतात, त्यामुळे नाताळात शेजारून आलेलं विंदालू मी झाकूनच ठेवलं. पाकिटात गोळीचं नाव लिहिलेली चिठ्ठी असते, माझ्या अक्षरात.