बाटली हलवायची नव्हती

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मला विषय मिळाला तो हा: कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, पाण्यात तळाशी न बसता किती दिवस टिकून राहतात ते मोजायचं. दिसायला ती नुसती काजळी. साध्या पाण्यात टाकून ढवळली तर गुठळ्या होतात आणि बघता बघता तळाशी. या नळ्यांना पाण्याचं वावडं, एकमेकींना मात्र घट्ट बिलगतात. म्हणून एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट) घालायचं, टूथपेस्टला फेस आणतं तेच. त्याचं तेलकट शेपूट नळीला चिकटतं, ऋणभाराचं डोकं पाण्याकडे राहतं आणि नळ्या एकमेकींना दूर लोटतात. पोथ्यांची शाई करणारे काजळीत डिंक घोटायचे, तेही गुठळ्या होऊ नयेत म्हणूनच.

१०० मिलि पाणी, १ ग्रॅम एसडीएस, १० मिलिग्रॅम नळ्या. प्रोब सोनिकेटर, म्हणजे ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणारी कांडी, अर्धा तास, थांबत थांबत. आवाजाने दात शिवशिवतात. बीकर तापू नये म्हणून मी भोवती सढळ हाताने बर्फ घातला, तर एसडीएसचेच पांढरे स्फटिक बाहेर पडले. पहिला दिवस त्यातच गेला.

नुसतं बघून काही कळत नाही. पाव हिस्सा नळ्या खाली बसल्या तरी बाटली काळीच दिसते. म्हणून रोज थोडं द्रावण काढून, दहापट पातळ करून, ५०० नॅनोमीटरच्या प्रकाशाचं अवशोषण बघायचं; नळ्या जितक्या तरंगत, तितकं ते जास्त. पहिल्या दिवशी ०.४१, सातव्या दिवशी ०.४०. आलेख पट्टीने आखल्यासारखा. पेढे आणायचेच बाकी होते.

मॅडमनी आलेख पाहिला आणि विचारलं, "सॅम्पल घेताना बाटली हलवतेस का गं?"

"हो मॅडम, थोडीशीच."

औषध घेण्यापूर्वी बाटली हलवायची, हे लहानपणापासून हाताला लागलेलं वळण. बसलेला गाळ मीच रोज वर आणत होते आणि वर 'स्थिर' म्हणून वहीत लिहीत होते.

दुसऱ्या खेपेला बाटली कपाटात, हात न लावता. पृष्ठभागाखाली २ सेंमीवर खूण, पिपेटचं टोक रोज तिथेच. तेव्हा दुसरी भानगड उघड झाली. क्युवेट, म्हणजे मोजणीची छोटी पारदर्शक कुपी, तशीच ठेवून चहाला गेले, परत येऊन पाहते तर आत काळे कण. मी पातळ करायला साधं डिस्टिल्ड वॉटर वापरत होते. १ टक्का एसडीएस म्हणजे सुमारे ३५ मिलिमोलर. दहापट पातळ केल्यावर उरतं साडेतीन. मायसेल, म्हणजे एसडीएसच्या रेणूंचे पुंजके, बनायला लागतात साधारण ८. एसडीएस नळ्यांवरून सुटत होतं आणि गुठळ्या क्युवेटमध्येच तयार होत होत्या. मग पातळ करायलाही १ टक्क्याचंच द्रावण, आणि ब्लँकलाही, म्हणजे तुलनेच्या बिननळ्यांच्या नमुन्यालाही, तेच.

या वेळी सातव्या दिवशी ०.३३ आलं. आकडा पडला, पण खरा.

झीटा पोटेन्शियल, म्हणजे नळ्या एकमेकींना किती जोराने लोटतात याचं माप, मात्र उणे ४६ मिलिव्होल्ट. ३० च्या पुढे गेलं की स्थिर, असं सगळे सांगतात. मग वीस टक्के गेले कुठे? भारामुळे नव्या गुठळ्या होत नाहीत एवढंच. सोनिकेटरने न फुटलेल्या जुन्या गुठळ्या जड असतात, त्या आपल्या वजनाने बसतातच. त्या आधीच काढून टाकायला सेंट्रिफ्यूज हवं. ते डिपार्टमेंटमध्ये एकच आहे आणि वहीत माझा नंबर लागलाय पंधरवड्याने.