हेंडनच्या दफनभूमीतील सदतीस मीटर

इंग्लिश फुटबॉल प्रशिक्षक हर्बर्ट चॅपमन यांच्यावरील दीर्घ लेख माझ्याकडून जवळपास लिहून झाला होता. शेवटी द्यायच्या कारकिर्दीच्या तक्त्यात मात्र एक रकाना मी मोकळा सोडला होता. फर्स्ट डिव्हिजनची, म्हणजे इंग्लंडमधील तेव्हाच्या सर्वोच्च फुटबॉल लीगची, विजेतेपदे किती, हा तो रकाना. चार, पाच आणि सहा, या तिन्ही उत्तरांच्या बाजूने बोलता येत होते, आणि कोणतेही एक लिहिताना हात अडत होता. त्याच अवस्थेत मी लंडनच्या वायव्य भागातील हेंडन येथे, सेंट मेरी चर्चच्या आवारातील दफनभूमीत त्यांची कबर पाहायला गेलो.

त्या परिसरात चॅपमन यांच्याच कारकिर्दीवर बेतलेला एक जिओकॅश, म्हणजे जीपीएसच्या मदतीने शोधायची लपवलेली डबी, असल्याचे मला निघण्यापूर्वी समजले होते. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली अचूकतेची मर्यादा काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी या खेळाची पहिली डबी लपवली गेली. एकाने डबी लपवायची, तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे, आणि शोधणाऱ्याने ती शोधून आतल्या वहीत नाव लिहायचे, एवढाच तो खेळ. इथे मात्र अक्षांशाचा एक अंक दिलेला नव्हता. चॅपमन यांच्या फर्स्ट डिव्हिजन विजेतेपदांची संख्या त्या जागी भरायची होती, म्हणजे माझ्या तक्त्यातील मोकळा रकानाच तिथे कोड्याच्या रूपात उभा होता. तो अंक मिनिटाच्या शतांश स्थानी असल्याने एका विजेतेपदाचा फरक जमिनीवर साधारण साडेअठरा मीटरचा होत होता.

मी आधी सहा हा अंक भरला. हडर्सफील्ड टाउनने १९२४, १९२५ आणि १९२६ अशी सलग तीन वर्षे लीग जिंकली, आर्सेनलने १९३१, १९३३ आणि १९३४ मध्ये; हे दोन्ही संघ चॅपमन यांनी घडवलेले, तेव्हा सहाही विजेतेपदे त्यांचीच, असे माझे मत लेख लिहिताना बनत चालले होते. पण सहाच्या हिशेबाने फोनवरील खूण थेट कबरींच्या रांगांमध्ये पडली. दफनभूमीशी निगडित जिओकॅशबाबत जाणकारांचा शिरस्ता असा की, कबरींवरून हवी तर माहिती घ्यावी, पण डबी कबरींपासून दूर, शक्यतो आवाराबाहेर ठेवावी, म्हणजे शोकासाठी आलेल्या कुणाच्या शेजारी दगड चाचपत बसण्याची वेळ कुणावर येत नाही. त्यामुळे तिथे शोधण्याचा प्रश्नच नव्हता. मी चॅपमन यांच्या कबरीपाशी परतलो आणि उभ्याउभ्याच हिशेब नव्याने मांडू लागलो.

तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली, जी इतके दिवस माझ्या टिपणांत असूनही मी तिच्याकडे नीट पाहिले नव्हते. चॅपमन १९२५ च्या उन्हाळ्यात हडर्सफील्ड सोडून आर्सेनलकडे आले. १९२५-२६ च्या हंगामात हडर्सफील्ड पहिले आले, आणि दुसरे आले ते चॅपमन यांचे आर्सेनल. ज्या विजेतेपदाच्या शर्यतीत ते स्वतः प्रतिस्पर्धी म्हणून हरले, ते त्यांच्या नावावर कसे लिहायचे? त्याच हंगामात ऑफसाइडचा नियम बदलला होता, ऑक्टोबरमध्ये न्यूकॅसलने आर्सेनलला ७-० असे हरवले होते, आणि त्या पराभवानंतर सेंटर-हाफला, म्हणजे मधल्या फळीतील खेळाडूला, मागे खेचून दोन फुल-बॅकच्या, म्हणजे बचावपटूंच्या, मधे उभे करण्याची ती रचना आर्सेनलने स्वीकारली, जी पुढे डब्ल्यूएम म्हणून जगभर खेळली गेली. लीड्स सिटी या क्लबच्या आर्थिक गैरव्यवहार प्रकरणात १९१९ मध्ये फुटबॉलमधून बंदी घातला गेलेला आणि नंतर ती बंदी उठवून घेऊन परतलेला हा माणूस त्या वर्षी पुन्हा एकदा पायापासून सुरुवात करत होता. त्या वर्षाचे खरे मोल हे आहे, आणि हडर्सफील्डचे तिसरे विजेतेपद त्यांच्या खात्यात टाकले की नेमके तेच झाकले जाते.

सहा बाद झाले. पुस्तकी हिशेबाने उत्तर चार: दोन हडर्सफील्डसह, दोन आर्सेनलसह. चारची खूण कबरींतल्या त्या जागेपासून सदतीस मीटरवर, आवाराबाहेर पडत होती. तिथे मी बराच वेळ शोधले, पण काहीही सापडले नाही.

उरले पाच. जानेवारी १९३४ च्या सुरुवातीला चॅपमन सर्दीने बेजार होते, तरीही आर्सेनलच्या तिसऱ्या संघाचा सामना पाहायला गिल्डफर्डला गेले. सर्दीचा न्यूमोनिया झाला आणि ६ जानेवारीच्या पहाटे वयाच्या ५५ व्या वर्षी हेंडनमधील घरी त्यांचे निधन झाले. त्याच दुपारी त्यांचा संघ आपल्या हायबरी मैदानावर शेफील्ड वेन्सडेविरुद्ध खेळला. आर्सेनल तेव्हा लीगमध्ये अग्रस्थानी होते, आणि हंगाम संपला तेव्हाही तेच विजेते होते.

पाचची खूण दोन्ही जागांच्या बरोबर मधे, कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला होती. कुंपणाच्या खांबामागे, बोटाच्या पेराएवढी चुंबकाने चिकटवलेली डबी दोन मिनिटांत हाती आली. आतल्या अरुंद कागदावर मी तारीख आणि नाव लिहिले, डबी होती तशी ठेवली, आणि काही क्षण कुंपणाला टेकून उभा राहिलो. ज्याने ती लपवली त्या अनोळखी व्यक्तीने अर्धाच हंगाम जगलेल्या प्रशिक्षकाला तो हंगाम पूर्ण दिला होता. आर्सेनलच्या आधीच्या दोन विजेतेपदांविषयी मी जे काही लिहिले होते, त्यात इतकी आपुलकी नव्हती, हे मला तिथे जाणवले आणि टोचले.

त्या रात्री तक्त्यात मी चारच लिहिले, कारण विजेतेपदाचे पूर्ण हंगाम त्यांनी तेवढेच सांभाळले होते. त्याखाली मात्र एक वेगळी ओळ घातली: १९३३-३४, आर्सेनल, ६ जानेवारीपर्यंत, अग्रस्थानी.