पार्किंगच्या कोपऱ्यातलं बिननावाचं झाड

आमच्या एरंडवण्यातल्या सोसायटीचा पुनर्विकास ठरला आणि आवारातल्या झाडांची यादी हातात आली. आंबा, नारळ, जांभूळ, सोनचाफा, खोटा अशोक, सगळे आपापल्या नावाने. पार्किंगच्या कोपऱ्यातल्या झाडापुढे मात्र जातीच्या रकान्यात 'जंगली' असं लिहिलेलं. मला ते वाचवेना. तीन मजल्यांना टेकलेलं, बारा महिने गर्द हिरवं, फांद्या खाली झुकलेल्या. या झाडाच्या सावलीत गाडी लावायला मिळावी म्हणून लोकांनी भांडणं केली आहेत. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यामुळे शहरात झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही, लोकांना हरकत घेता येते. पण 'जंगली' या नोंदीवर हरकत घ्यायला कोण पुढे येणार?

तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अगं, बकुळ आहे ती." फोनमधल्या अ‍ॅपनेही पानाचा फोटो बघून बकुळच सांगितलं. मला ते पटेना. पुण्यात बकुळीचं झाड असावं आणि सकाळी त्याच्याखाली फुलं वेचायला कुणीच वाकलेलं दिसू नये, असं होत नाही. शिवाय खाली पडलेली फळं राखाडी होती. पिकलेलं बकुळफळ केशरी-पिवळं असतं.

मी आयुष्यभर मुद्रितशोधन केलं. ओळखीचा दिसणारा शब्द सरळ मान्य करायचा नाही, अक्षर न् अक्षर बघायचं, ही सवय हाडात मुरली आहे. तीच इथे कामी आली. वॉचमनमामांनी पानं आणि फळं दोन्ही असलेली एक डहाळी काढून दिली. नुसतं पान घेऊन बसलं की दहा झाडं सारखीच दिसतात. डहाळी हवीच, कारण पानं फांदीवर कशी बसली आहेत ते तिच्यावरच कळतं.

पानं साधी, एकाआड एक, फांदीच्या दोन्ही बाजूंना ओळीत लागलेली. म्हणजे जांभूळवर्गातलं काही नाही. जांभळाची पानं समोरासमोर येतात, कडेने एक शीर धावते आणि चुरगाळलं की वास येतो. मग कोवळा देठ मोडला. चीक नाही. या एका गोष्टीने बरीच गर्दी कमी झाली. वड, नांद्रुक ही सगळी उंबराची भावंडं चिकाची, बकुळ आणि खिरणीही चिकाच्याच. पुन्हा दुसरीकडचा देठ मोडून बघितला, तिथेही कोरडंच.

खरी गंमत पानाच्या कडेला होती. लांबून कड नुसती नागमोडी दिसते, बकुळीसारखीच. पण बोटाचं टोक कडेवरून हळू फिरवलं तर बारीक दाते लागतात. बकुळीच्या पानाला दाते नसतात. अ‍ॅपला दिलेल्या फोटोत ते दाते दिसतच नव्हते, तेव्हा त्याला तरी कुठून कळणार? झाड ओळखायचं तर पान हातात घ्या, हे मी आता भेटेल त्याला सांगते.

फळं लहान बोराएवढी, लांबट, वर पांढुरकी मखमली लव, पानांच्या बगलेतून एकेक-दोनदोन लोंबणारी. बकुळफळाच्या बुडाशी जुनी निदलं, म्हणजे फुलाची सगळ्यात बाहेरची दलं, घट्ट चिकटून राहतात, इथे तसं काही नव्हतं. सुरीने कापायला गेले तर गर अगदी पातळ आणि आत दगडासारखी कडक, टोकदार बी. चाखून मात्र बघितलं नाही, आणि कुणी बघूही नये. पिवळी फुलं येणारी बिट्टी आपल्या किती आवारांत सदाहरित उभी असते, आणि तिच्या बिया जीव घेऊ शकतात. अनोळखी फळाला नाक आणि डोळे पुरे.

नाकानेच शेवटी उत्तर दिलं. बी खलबत्त्यात घालून फोडली, आतला गर चेचला, आणि स्वयंपाकघरात फेसलेल्या मोहरीचा झणका उठला. लोणच्याची मोहरी फेसताना डोळ्यांत पाणी आणतो तोच! मोहरी, मुळा, कोबी यांच्यात ग्लुकोसिनोलेट नावाची द्रव्यं असतात. पेशी फुटल्या की विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, क्रियेने त्यांपासून तो तिखट वास तयार होतो. शेवगा, वायवर्णा आणि पपईसुद्धा मोहरीच्याच गणातली; गण म्हणजे नात्यातल्या कुळांचा मोठा गट. पण त्या गणाबाहेर, एरंड ज्या गणात येतो तिथल्या, अगदी मोजक्या झाडांनी ही द्रव्यं स्वतंत्रपणे कमावली आहेत. त्यांतलं एक म्हणजे पुत्रंजीव. वनस्पतीशास्त्रात त्याला पुत्रंजीवा रॉक्सबर्घाय म्हणतात. कोबी-मोहरीवर वाढणारी फुलपाखरं ज्या कुळातली, त्याच कुळातल्या अल्बट्रॉस फुलपाखरांच्या अळ्या या झाडाची पानं खातात. माणसाच्या कितीतरी आधी त्यांना हा पत्ता लागला होता, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तरीही खात्री हवी होती. डहाळी वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवली, चिठ्ठीवर ठिकाण आणि महिना लिहिला, फळं वेगळ्या पुडीत बांधली आणि कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या ओळखीच्या बाईंकडे नेली. त्यांनी भिंग धरून पानाची कड बघितली, बी उलटसुलट केली. "पुत्रंजीवच. आणि फळं धरतात म्हणजे ही मादी आहे हं," त्या म्हणाल्या.

या बियांच्या माळा लहान मुलांच्या गळ्यात घालायची जुनी रीत आहे, मूल निरोगी राहावं म्हणून. अपत्य व्हावं म्हणूनही हे झाड औषधात सांगितलं जातं. माळेमुळे असं काही घडतं यावर माझा विश्वास नाही. पण बी ओवायला किती देखणी आणि टिकाऊ आहे ते हातात घेतल्यावर कळतं, आणि आपल्या लेकराच्या गळ्यात असंच काही टणक, टिकणारं घालावंसं आईला वाटलं असेल, हे मला समजतं.

समितीला पत्र दिलं, सोबत डहाळीचा फोटो जोडला. यादीत आता नाव आलं आहे. नवीन इमारतीचा नकाशा अजून पक्का नाही, आणि तो कोपरा मोकळा ठेवावा म्हणून मी बैठकीत प्रत्येक वेळी बोलते आहे. वॉचमनमामाही बोलतात आता, नाव घेऊन.

एक शोध मात्र राहिला आहे. पुत्रंजीवाची नर आणि मादी झाडं वेगळी. आमच्याकडे फळं येतात, तेव्हा नर झाड जवळपास कुठेतरी असणारच. मार्च ते मेच्या सुमारास फुलतं. नर झाडाच्या पानांच्या बगलांत बारीक पिवळसर फुलांचे दाट गुच्छ येतात, फळ कधीच धरत नाही. प्रभात रोड, भांडारकर रस्ता, कर्वे रस्त्यामागच्या गल्ल्या, कुठल्याही जुन्या आवारात असं सदाहरित, झुकत्या फांद्यांचं झाड असेल तर पानाच्या कडेवरून एकदा बोट फिरवून बघा आणि मला कळवा. मी डहाळी बघायला येईन.