आमची वाटचाल : मोटरहोम किती लांबीचं, आणि कोणासाठी

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात सुरुवातीला रुग्णवाहिकांची आणि शाळेच्या बसची आतली कामं होत. पत्रा, पाइपची फ्रेम, सीट, फ्लोअरिंग, वायरिंग. रुग्णवाहिकेत इन्व्हर्टर, सिलिंडरचा कप्पा, हादऱ्यात न उघडणारी कपाटं, धुता येणारी जमीन हे सगळं असतंच, त्यामुळे मोटरहोमकडे, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीकडे, वळणं सरळ गेलं. लेझर कटिंग असो की पावडर कोटिंग, सातपूर-अंबडच्या हद्दीत सगळं मिळतं. राज्य सरकारचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं आणि चौकशा वाढल्या.

चौकशीला येणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, "किती जण झोपतील?" आमचे प्रश्न वेगळे असतात. रात्री गाडी कुठे उभी राहणार? चालत्या गाडीत पट्टा लावून किती जण बसणार? घरी ती कुठे लावणार? या तीन उत्तरांवर लांबी ठरते, आणि झोपायची सोय त्या लांबीत बसवायची असते. उलट्या क्रमाने गेलं की सहा जणांचे बिछाने असलेली सात मीटरची गाडी तयार होते आणि वर्षभर सोसायटीच्या गेटबाहेर उभी राहते.

आमच्याकडे बहुतेक कामं फोर्स ट्रॅव्हलर या व्हॅनवर होतात. तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, ३०५०, ३३५० आणि ४०२० मिलिमीटर असा मिळतो. फोर्सचीच अर्बेनिया ३३५०, ३६१५ आणि ४४०० मध्ये येते. लांबीचा हिशेब आम्ही असा मांडतो : आडवा न टाकता गाडीच्या लांबीत टाकलेला पलंग १.९ मीटर, संडास-मोरीचा खोका ०.७५, दार आणि त्यासमोरचा ओटा १.१, पट्ट्याच्या दोन सीट ०.९. बेरीज ४.६५ मीटर, तीही ड्रायव्हरच्या सीटमागे. ३३५० च्या ट्रॅव्हलरमध्ये हे बसत नाही, ४०२० मध्ये जेमतेम बसतं. म्हणजे ३३५० घ्यायची असेल तर एक गोष्ट सोडावी लागते : एक तर सीटचाच रात्री पलंग करायचा, नाहीतर मोरीचा खोका काढून उचलता येणारा पोर्टेबल संडास ठेवायचा, नाहीतर पलंग आडवा टाकायचा.

आडव्या पलंगावर लोक लगेच तयार होतात, पण तिथे टेप लावूनच बोलावं. नुसत्या पत्र्याच्या डब्यात रुंदी १.८५ मीटर भरली, तरी प्रत्येक बाजूला फोम, पट्टी आणि पॅनेल मिळून ३५-४० मिलिमीटर जातात. उरतात १.७७ ते १.७८. पावणेसहा फुटांचा माणूस त्यात पाय सरळ करून झोपत नाही. म्हणून गाळ्याच्या जमिनीवर आम्ही खडूने गाडीचा पूर्ण मापाचा आराखडा काढतो, ओट्याच्या आणि मोरीच्या जागी पुठ्ठ्याचे खोके ठेवतो, आणि गिऱ्हाइकाला सहकुटुंब त्यात उभं करतो. झोपून बघा, एकाने चहा करायला उभं राहा, दुसऱ्याने मागून मोरीत जा. कागदावर पास झालेले बरेच आराखडे या खडूच्या रेषांत नापास होतात. हे लाकूड कापण्याआधी झालेलं चांगलं.

नाशिककरांच्या वाटा ठरलेल्या आहेत : घोटीवरून भंडारदरा, वणीवरून सापुतारा, त्र्यंबकवरून मोखाडा-जव्हार. या रस्त्यांवर लांब गाडीला त्रास होतो तो मागच्या शेपटाचा. मागच्या चाकाच्या मागे निघालेला भाग जितका मोठा, तितका वळणावर तो बाहेर फिरतो आणि शेतातल्या रस्त्यावरून डांबरीवर चढताना खाली घासतो. मागे टांगलेली सांडपाण्याची टाकी आणि तिचा व्हॉल्व्ह नेमका तिथेच फुटतो. टाक्या दोन ॲक्सलच्या मधे, चॅसिसच्या आत घ्याव्यात. उंचीचंही तसंच. छतावर एसी बसला की गाडी तीन मीटरच्या जवळ जाते. जुन्या रस्त्यांवरच्या वडाच्या फांद्या, रेल्वेखालच्या बोगद्याआधीचा लोखंडी अडसर, हॉटेलच्या पार्किंगची कमान, हे सगळं लक्षात ठेवावं लागतं. आम्ही गाडीची पूर्ण उंची मीटर आणि फूट दोन्हींत लिहून डॅशबोर्डवर पट्टी चिकटवतो.

आता वजन. आमच्या मते मोटरहोमची निम्मी दुखणी इथून सुरू होतात. आठ बाय चारची १२ मिलिमीटर प्लायची शीट साधारण २४ किलो, १८ ची ३५. आठ शीट लागल्या तर नुसत्या जाडीच्या हौसेपायी ८८ किलो वाढतात, म्हणजे एका माणसाहून जास्त. चौघांच्या गाडीचा हिशेब असा येतो : फर्निचर १९०, पाणी १००, फोम-पॅनेल-जमीन १२०, एसी ३५, फ्रीज २५, बॅटरी २५, भरलेला संडास २५, बाजूची छत्री ३०, माणसं २८०, सामान ६०. बेरीज ८९० किलो. गाडीच्या कागदावरच्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करून उरेल त्यात हे बसलं पाहिजे, आणि वर थोडी शिल्लकही हवी. शिल्लक नसेल तर स्प्रिंगचे पाटे वाढवून प्रश्न सुटत नाही. पाट्यांमुळे गाडी उंच दिसते, पण ब्रेक, टायर आणि ॲक्सल तेवढेच राहतात आणि कसाऱ्याचा उतार त्याच ब्रेकवर उतरायचा असतो.

काम संपल्यावर गाडी वजनकाट्यावर नेतो. पुढचं चाक, मागचं चाक आणि पूर्ण गाडी अशी तीन वजनं घेतो, टाकी भरून. सगळा बोजा मागच्या ॲक्सलमागे गेला असेल तर पुढचं वजन घटतं, स्टिअरिंग हलकं लागतं आणि ओल्या रस्त्यावर गाडी वळणात बाहेर सरकते. डावी-उजवीही बघावी : ओटा, फ्रीज आणि टाकी एकाच बाजूला आले की गाडी कायम कलते आणि त्या बाजूचे टायर आधी झिजतात.

विजेबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज एसीचा. १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे २.५६ युनिट, त्यातले दोन वापरायचे. छोटा एसी सरासरी ७०० वॉट घेतो, म्हणजे तीन तासांच्या आत खेळ संपला. रात्रभर आठ तास चालवायचा तर इन्व्हर्टरची गळती धरून सहा युनिट हवेत, म्हणजे अशा तीन बॅटऱ्या. छतावर ४०० वॉटचं सोलर स्वच्छ उन्हात दिवसाला दीड युनिटाच्या आसपास देतं, पण जुलैत इगतपुरीच्या ढगांखाली त्याचा भरवसा धरू नये. चालत्या गाडीतून ४० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर तासाला अर्धं युनिट भरतो. हा चार्जर बीएस-सहा गाड्यांत हवाच, कारण त्यांचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) बचतीसाठी व्होल्टेज कमी-जास्त करतो आणि थेट जोडलेली दुसरी बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. म्हणून आम्ही विचारतो, उन्हाळ्यात फिरणार की नोव्हेंबर ते फेब्रुवारी? हिवाळ्यात निफाड-दिंडोरीकडे रात्री एसी नको असतो, १२ व्होल्टचा छतावरचा पंखा पुरतो आणि दोन बॅटऱ्यांचा खर्च वाचतो.

शेतघर किंवा रिसॉर्टच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर गाडी लावायची असेल तर आधी अर्थिंग तपासावं. अर्थिंग नसलं आणि फेजची वायर कुठे पत्र्याला टेकली तर पूर्ण बॉडीत करंट येतो, आणि बाहेर ओल्या मातीत उभा राहून दाराला हात लावणाऱ्याला तो बसतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, आम्ही प्रत्येक गाडीत घालतो, त्यावर घासाघीस करत नाही. गॅसचंही असंच. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा आतून पूर्ण बंद आणि तळाला बाहेर उघडणारं भोक असलेला.

पाऊस हा आमच्या भागातला खरा परीक्षक. गळती बहुतेक वेळा छताच्या भोकातून येते. एसी किंवा पंख्यासाठी साधारण १४ इंच चौकोन कापताना आडव्या कमानी तोडल्या तर पत्रा दबतो, तिथे पाणी साचतं आणि सील कितीही चांगलं असलं तरी ते आत शिरतं. दोन कमानींच्या मधेच कापायचं, आतून चौकट द्यायची, कापलेल्या कडेला प्रायमर लावायचा, खाली ब्यूटाइल टेप आणि कडेने पॉलियुरेथेन सीलंट. साधं बाथरूमचं सिलिकॉन हादऱ्यात पेंटपासून सुटतं. छत वर उघडणाऱ्या गाड्या उंचीचा प्रश्न छान सोडवतात, पण त्यांचं कापड ओलं मिटलं की दोन दिवसांत बुरशी धरते, त्यामुळे पावसाळी भटकंती करणाऱ्यांना आम्ही ते सुचवत नाही.

ओढून न्यायच्या कॅराव्हॅनचा फायदा असा की मुक्कामी ती सोडून मोकळी गाडी घेऊन फिरता येतं. एकाच जागी चार-पाच दिवस राहणाऱ्या कुटुंबाला ती उत्तम. रोज जागा बदलणाऱ्याला नको, घाटात ती रिव्हर्स घेताना फार जीव जातो. दोघांनाच फिरायचं असेल तर ३०५० ची ट्रॅव्हलर किंवा पिकअपवरचा डबा पुरतो.

कागदपत्रांत शॉर्टकट नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मंजुरीशिवाय गाडीत मूळ बदल करता येत नाही. प्रवासी बसचे सीट काढून पलंग टाकला म्हणजे ती आरसीवर कॅराव्हॅन होत नाही, आणि अपघात झाला की विम्याचा दावा तिथेच अडकतो. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. स्वतःच्या वापराची गाडी खासगी नोंदते, भाड्याने द्यायची असेल तर पिवळी पाटी. लायसन्सचा घोळ मात्र मिटला : साडेसात टनांपर्यंतची वाहतूक गाडी एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं.

सध्या सिंहस्थासाठी विचारणा येते. २०१५ मध्ये पर्वणीच्या दिवशी बाहेरच्या गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळांवर थांबवल्या होत्या, म्हणून त्यासाठी येणाऱ्यांना आम्ही लांबीऐवजी मोठी पाण्याची टाकी आणि जास्तीची संडासाची कॅसेट (काढून रिकामी करता येणारी मैल्याची टाकी) सुचवतो. १८-२० लिटरची एक कॅसेट चौघांना दीड दिवसही पुरत नाही. आठ मीटरवरच्या बसची कामं आम्ही घेत नाही, ती उभी करायला आमचा गाळाच पुरत नाही. बाकी कुठल्याही गाडीसाठी येताना दोन मापं घेऊन या : घरच्या पार्किंगची लांबी-उंची आणि घरातल्या सर्वांत उंच माणसाची उंची.