बंडाचे साल आणि गणेशखिंडीची रात्र

आमची आजी १८५७ ला 'बंडाचे साल' म्हणत असे. त्यात कोणाला कमी लेखण्याचा हेतू नसे. झाशीच्या राणीचे नाव निघाले की तिचा स्वर बदलत असे, पण शब्द मात्र बंड हाच. शाळेत आम्हांला 'स्वातंत्र्यसमर' असे शिकवल्यावर मी तिला दुरुस्त करायला गेलो, तेव्हा ती एवढेच म्हणाली की, 'बंड केलं म्हणूनच तर ती राणी.' त्या वयात मला हे उत्तर अडाणीपणाचे वाटले होते. आता तसे वाटत नाही.

मराठीत या प्रांतातले शब्द पुष्कळ फिरले आहेत. टिळकांच्या काळात 'जहाल' होते. गांधीयुगात हिंसेच्या मार्गाला 'अत्याचार' म्हणत, म्हणून असहकारिता 'अनत्याचारी' असे. पुढे पंजाबच्या बातम्यांबरोबर 'अतिरेकी' घरोघर पोहोचला आणि मग त्याची जागा 'दहशतवादी' या शब्दाने घेतली. 'बंडखोर' तर आता तिकीट नाकारलेल्या उमेदवारापुरताच उरला आहे, आणि अर्ज मागे घेण्याच्या दिवशी त्याचे बंड थंड झाल्याचेही आपण वाचतो. शब्द असे घसरत असताना 'एकाचा दहशतवादी तो दुसऱ्याचा क्रांतिकारक' असे म्हणून मोकळे होणे सोपे असते, परंतु मला ते पळवाटीसारखे वाटते.

माझ्या मते बंडखोर, क्रांतिकारक आणि दहशतवादी हे तीन शब्द एकाच शिडीच्या तीन पायऱ्या नाहीत. ते तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. कोणाविरुद्ध उठला, याचे उत्तर म्हणजे बंडखोर. उठून त्या जागी काय उभारायचे होते, याचे उत्तर म्हणजे क्रांतिकारक. आणि शस्त्र कोणावर चालवले, मारलेल्यापेक्षा न मारलेल्यांच्या मनात भीती बसवणे हाच हेतू होता का, याचे उत्तर म्हणजे दहशतवादी. प्रश्न वेगळे असल्यामुळे एकाच माणसाला यांतली दोन विशेषणे एकाच वेळी लागू शकतात, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते.

वासुदेव बळवंत फडके यांच्या बाबतीत ही अडचण फारशी येत नाही. पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यातला हा कारकून १८७६-७७ च्या दुष्काळात गावोगाव हिंडला, रामोशांना जमवून १८७९ च्या फेब्रुवारीत त्याने धामारीवर दरोडा घातला, आणि सरकारने त्याच्या डोक्यावर इनाम लावले तेव्हा त्याने उलट गव्हर्नर रिचर्ड टेंपल यांच्या डोक्यावर इनाम जाहीर केले. सरकारदप्तरी तो दरोडेखोर होता, आणि कृती पाहिली तर दरोडे त्याने घातलेच होते. मात्र लुटीचा पैसा कशासाठी हवा, हे त्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवले होते. साथीदारांचे लक्ष लुटीतच अडकते आहे, हे दुःखही त्या लेखनात आहे. १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात तो वारला.

गणेशखिंडीचे प्रकरण इतके सरळ नाही. २२ जून १८९७ ची रात्र होती. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव गव्हर्नरच्या बंगल्यात, म्हणजे आज जिथे पुणे विद्यापीठ आहे तिथे, साजरा होत होता आणि टेकड्यांवर जाळ पेटवलेले होते. दामोदर आणि बाळकृष्ण चापेकर पिस्तुलांखेरीज तलवारीही घेऊन आले होते, पण गर्दीत त्या लपेनात, म्हणून त्यांनी त्या एका दगडी मोरीखाली ठेवून दिल्या. प्लेगच्या तपासणीत गोऱ्या सोजिरांना घराघरांत घुसवणाऱ्या रँड या अधिकाऱ्याची गाडी परतताना फाटकातून बाहेर पडली, दामोदर मागे धावला, 'गोंद्या' अशी ठरलेली हाक देऊन त्याने गाडीचा पडदा वर केला आणि वीतभर अंतरावरून गोळी झाडली. इथवर सारे ठरल्याप्रमाणे झाले. परंतु बाळकृष्ण मागे राहिला होता, आणि पाठोपाठच्या गाडीतले लोक आपसांत कुजबुजत आहेत अशा संशयावरून त्याने त्यांपैकी एकाच्या डोक्यात गोळी घातली. तो लेफ्टनंट आयर्स्ट. तो जागीच मेला. ज्याच्यासाठी हा सारा घाट घातला होता, तो रँड ३ जुलैला गेला.

रँडच्या मृत्यूला मी दहशतवाद म्हणणार नाही. ज्याच्या हुकमाने घरे उघडी पडली, बायकामाणसांची विटंबना झाली, त्यालाच नेमके गाठलेले होते. आयर्स्टच्या मृत्यूला मात्र आमच्या पाठ्यपुस्तकांत अर्धे वाक्यही मिळत नाही, आणि कुजबुज हे काही मारण्याचे कारण नव्हे, असे लिहिल्याने चापेकरांचे धैर्य उणे होते असेही मला वाटत नाही. ३० एप्रिल १९०८ ला मुजफ्फरपुरात खुदिराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी किंग्जफर्ड या न्यायाधीशासाठी फेकलेल्या बॉम्बने केनेडी घराण्यातल्या दोन स्त्रिया मेल्या. त्यावर टिळकांनी 'केसरी'त जो अग्रलेख लिहिला त्याचे शीर्षक 'देशाचे दुर्दैव' असे होते. बॉम्बचे मूळ सरकारच्या दडपशाहीत आहे, असे सांगणाऱ्या त्या लेखनाबद्दल त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. तरीही शीर्षकातला शब्द दुर्दैव आहे, विजय नव्हे, हे मी विसरत नाही.

सर्वांत अवघड भाग द्रविड बंधूंचा. चापेकरांचा सुगावा देणाऱ्याला वीस हजारांचे इनाम जाहीर झाले होते, आणि ती माहिती द्रविडांनी पुरवली. ८ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे पंजाबी वेष करून त्यांच्या दारी गेले, पोलीस अधिकाऱ्याने बोलावले आहे असे सांगून दोघा भावांना बाहेर काढले आणि गल्लीत गोळ्या घातल्या. पुण्यात या गोष्टीला फितुरांना मिळालेले शासन म्हणतात. लहानपणी मीही ती तशीच ऐकली आणि तशीच पुढे सांगितली.

मग मी गडचिरोलीच्या बातम्या वाचू लागलो. तिथे नक्षलवादी रात्री एखाद्या आदिवासीला घरातून उठवून नेतात, सकाळी रस्त्यावर त्याचे प्रेत सापडते आणि शेजारी तो पोलिसांचा खबऱ्या असल्याचे पत्रक असते. फरक आहे, आणि तो लहान नाही. द्रविडांनी माहिती दिली होती हे उघड झालेले होते, गडचिरोलीत बहुधा नुसता संशय पुरतो. पुण्यात ती एक घटना होती, इथे ती राबवलेली पद्धत आहे, आणि ते पत्रक मेलेल्यासाठी नसून उरलेल्या गावासाठी असते. म्हणूनच दुसऱ्या प्रकाराला मी दहशत म्हणतो. पण रात्री दार वाजवून खोट्या निमित्ताने माणसाला बाहेर बोलावणे, एवढा भाग दोन्हीकडे सारखा आहे, आणि तो सारखेपणा नाकारून मला पुढे जाता येत नाही.

२६ नोव्हेंबर २००८ ला छत्रपती शिवाजी टर्मिनसवर, गाडीची वाट पाहत सामानाशेजारी बसलेल्या लोकांवर झालेल्या गोळीबाराविषयी यातला एकही पेच पडत नाही. तिथे कोण मेला याने मारणाऱ्याला काही फरक पडत नव्हता, कोणीही मेला की काम झाले. सोपी उदाहरणे अशी एका ओळीत संपतात. अवघड उदाहरणांपायी राष्ट्रेही अडली आहेत: दहशतवादाविषयी सर्वंकष कराराचा मसुदा भारताने १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मांडला, आणि व्याख्येवर एकमत न झाल्याने तो अजून मंजूर झालेला नाही.

२०१६ मध्ये एका इतिहासग्रंथात भगतसिंगांना 'क्रांतिकारी दहशतवादी' म्हटल्यावरून संसदेत गदारोळ झाला आणि दिल्ली विद्यापीठाने त्या इतिहासग्रंथाच्या हिंदी अनुवादाची विक्री थांबवली. शब्द आज कानाला झोंबतो, हे खरे. तरी त्या गदारोळात स्वतः भगतसिंगांचे म्हणणे कोणी फारसे काढले नाही. ८ एप्रिल १९२९ ला मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनी आणि बटुकेश्वर दत्तांनी माणसे नसलेल्या जागी बॉम्ब टाकले, पत्रके उधळली आणि पळून न जाता ते तिथेच उभे राहिले. त्याआधी १७ डिसेंबर १९२८ ला लाहोरात स्कॉट या पोलीस अधिकाऱ्याऐवजी चुकून साँडर्स हा दुसरा अधिकारी मारला गेला होता, आणि पाठलाग करणारा चननसिंग नावाचा हिंदी शिपाईही. फाशीच्या काही आठवडे आधी, १९३१ च्या फेब्रुवारीत, तरुण कार्यकर्त्यांसाठी लिहिताना भगतसिंगांनी सांगितले की, आपण दहशतवादी नाही, आणि क्रांतिकार्याच्या आरंभीचा काळ कदाचित सोडला तर कधीच नव्हतो; बॉम्बने काही साधणार नाही, शेतकरी आणि कामगार संघटित करा. त्या 'कदाचित'मध्ये लाहोरचा तो दिवस येतो की नाही, हे त्यांनी लिहिलेले नाही.