विश्वास आहे ना, मग हिशेब कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ‘आमचा एकमेकांवर विश्वास आहे हो, मग दोघांनी बसून खाती कशाला तपासायची?’ जुलैत माझ्याकडे आयकराचं रिटर्न भरायला येणारी जोडपी हे हमखास विचारतात. विचारतो बहुधा तो, ती मोबाइलमध्ये बघत असते.

विश्वासाचा मुद्दाच नाही. बँक सह्यांचा नमुना बघते.

नाव-गाव वगळून एक घर सांगते. नवरा पंचेचाळिशीत अचानक गेला. पगाराचं खातं एकट्याच्या नावावर, घराचा हप्ताही त्यातूनच ५ तारखेला जायचा. मृत्यू कळवल्यावर बँकेने खात्यातून पैसे जाणं थांबवलं, नियमच तो. पुढचा हप्ता परत गेला आणि दंड दोन्हीकडून लागला, खात्याच्या बँकेचा आणि कर्ज देणाऱ्याचाही. ओटीपी त्याच्या सिमवर, फोन त्याच्याच बोटाच्या ठशाने उघडणारा. एटीएमचा पिन तिला पाठ होता, म्हणून मृत्यू कळवण्याआधीच तिने चाळीस हजार काढून ठेवले होते. सगळेच काढतात, पण तसं करता येत नाही, आणि पुढे दिराने नेमकं त्यावरच बोट ठेवलं.

खरा घोळ निघाला सहकारी बँकेतल्या बारा लाखांच्या ठेवीत. ठेव लग्नाआधीपासून नूतनीकरण होत आलेली, नॉमिनी वडील, ते आधीच वारलेले. मृत्युपत्र नाही. हिंदू वारसा कायद्यात बायको, मुलं आणि मृताची आई हे पहिल्या वर्गातले सारखे वाटेकरी. मुलं दोन, म्हणजे प्रत्येकी तीन लाख. सासूबाई दिराकडे राहायच्या, त्यांची सही मिळेना. शेवटी सक्सेशन सर्टिफिकेटसाठी, म्हणजे वारसा प्रमाणपत्रासाठी, कोर्ट. दर वर्षी ठेवपावती हातात घेऊन पाच मिनिटं नीट वाचली असती, तर नॉमिनीचं नाव तरी बदललं असतं. त्याने बँकेचं काम सोपं झालं असतं. वाटणीचं मात्र नाही, कारण नॉमिनी मालक नसतो. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये तेच सांगितलं. वाटणी ठरवायला मृत्युपत्रच लागतं.

पूर्वी मी सरसकट सांगायचे, जॉइंट खातं काढा, ‘आयदर ऑर सर्वायव्हर’ (दोघांपैकी कोणीही, किंवा मागे राहील तो) लिहा, सुटलात. चुकीचं नव्हतं, अर्धवट होतं. अशा बचत खात्यातून दोघांपैकी कोणीही एक सगळी रक्कम काढू शकतो, हे मी ठळकपणे सांगत नसे. एफडीचं तर वेगळंच. मुदतीनंतर एकाची सही चालते, मुदतीआधी मोडायला दोघांची लागते. एक जण गेला तर मागे राहिलेल्याला मुदतीआधी पैसे मिळायला वारसांची संमती मागतात, दोघांनी आधीच तशी लेखी सूचना दिली नसेल तर. ती ओळ अर्जातच असते, आपण टिक न करता पुढे जातो. आणि टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच बँक कापते तो कर, पहिल्या नावाच्या पॅनवर कापला जातो, तेव्हा पहिलं नाव कोणाचं हे विचार करून ठरवा.

दोघांनी हिशेबाला बसायचं कसं? बारा महिन्यांची स्टेटमेंट काढा, तीन महिन्यांची नको. विम्याचा वार्षिक हप्ता, लॉकरचं भाडं वर्षातून एकदाच दिसतं आणि तेवढंच निसटतं. मग आयकराच्या पोर्टलवरून दोघांचं एआयएस, म्हणजे वर्षभराच्या उत्पन्नाचं माहितीपत्रक, उतरवा. बँकांनी कळवलेलं व्याज तिथे येतं, विसरलेली एफडी बहुतेक तिथेच सापडते. वहीत प्रत्येक खात्यापुढे नावांचा क्रम, नॉमिनी, जोडलेला मोबाइल आणि आपोआप कापले जाणारे हप्ते लिहा. पासवर्ड लिहू नका. पीएफमध्ये लग्नाआधी भावाला नॉमिनी केलं असेल तर ते आता चालत नाही, नवं भरा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चार नॉमिनी देता येतात. पतसंस्थेतली ठेव वेगळ्या रंगाने लिहा, पाच लाखांचं विमा संरक्षण बँकेतल्या ठेवींना आहे, पतसंस्थेतल्या नाही.

बायकोच्या खात्यात पैसे टाकून कर वाचवलाय म्हणणाऱ्यांनो, त्या पैशांवरचं व्याज तुमच्याच उत्पन्नात धरलं जातं. चिडू नका, कायदा मी केलेला नाही.

राहिला तिच्या भिशीचा आणि त्याच्या स्वतंत्र कार्डाचा प्रश्न. सगळं उघड करा असं मी म्हणायचे. आता म्हणते, खातं आहे एवढं वहीत येऊ दे, आतला रुपयान् रुपया नको. पण घर सोडायचा विचार करणाऱ्या बाईलाही मी हेच सांगेन का? नाही सांगणार. तिला म्हणेन, एक खातं वहीबाहेर ठेव. मग बाकीच्यांना कुठल्या तोंडाने सांगू?