करपलेली जोडणी
मावसभावाचा सहा ग्राफिक कार्डांचा मायनिंग (आभासी चलन मिळवण्याचा) संगणक मध्येच बंद पडत होता आणि लातूरचा उन्हाळा पाहता घरात सगळ्यांचा संशय उष्णतेवरच होता. आज नोंदी तपासल्या, तर कार्डांचे तापमान मर्यादेतच होते. दर वेळी एकच कार्ड बंद पडत होते, म्हणून त्याचा रायझर (कार्डाला मदरबोर्डच्या स्लॉटशी जोडणारा भाग) शेजारच्या कार्डाला लावून पाहिला आणि दोष कार्डासोबत न राहता रायझरसोबत सरकला. त्या रायझरला वीज साटा जोडणीतून, म्हणजे मुळात हार्ड डिस्कसाठी असलेल्या जोडणीतून, दिलेली होती. कार्ड स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत वीज ओढू शकते, तर १२ व्होल्टवर साटा जोडणीची क्षमता ४.५ अँपिअर, म्हणजे जेमतेम ५४ वॅट! तिचे पांढरे प्लास्टिक एका पिनेपाशी तपकिरी पडले होते आणि नाकाजवळ धरताच करपल्याचा वास येत होता. अशा जोडणीतून आग लागू शकते, तरीही ती सर्रास विकली जाते, याचा मला मनापासून राग येतो. सगळे रायझर पॉवर सप्लायच्या सहा पिनांच्या केबलवर घेतले, ओव्हरक्लॉक (कार्डांचा मुद्दाम वाढवलेला वेग) काढले. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने मायनिंग न लागणारी प्रूफ ऑफ स्टेक पद्धत स्वीकारल्यापासून या उद्योगातली मिळकत आटली आहे, पण मावसभावाची हौस दांडगी आहे. संध्याकाळपासून संगणक अखंड चालू आहे. वीज जाऊन आल्यावर तो कसा वागतो, ते अजून पाहायचे आहे.